त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत

एखाद्या बाईने भरवशाने तुम्हाला एक खरी गोष्ट सांगितली, बदल्यात "माझं नाव येऊ देऊ नको" एवढंच मागितलं, आणि तिचं नाव तुमच्याच घरातून भर चौकात गेलं, तर तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. सोळाव्या वर्षी मीही पटकन उत्तर दिलं असतं, तेही मूठ आवळून. आज मी सव्वीस वर्षांची आहे आणि ते उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात नऊ वर्षांनी धरणगावला गेले. धुळ्याहून अमळनेरमार्गे जाणारी बस, खिडकीतून येणारा भाजका वारा, पायाशी कुणाची तरी वांग्यांची पाटी. स्टँडवर उतरून घरी जायच्या आधी पाय आपोआप चौकाकडे वळले. रफिकचाचांचं सायकलचं दुकान तसंच होतं. पंक्चरच्या सोल्यूशनचा तोच डोक्यात जाणारा वास, पाण्याचं तेच तसराळं, छताला उलट्या टांगलेल्या सायकली. फक्त दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर आता टाय लावलेला एक माणूस हसत होता आणि त्याच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तीस दिवसांत इंग्रजी बोला'.

त्या माणसाच्या खाली आमचा फळा आहे. रंगाखालून चौकटीचा सिमेंटचा कंगोरा अजून हाताला लागतो. मी बोट फिरवून पाहिलं. उजव्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं, कारण तिथे रोज एक शब्द असायचा.

फळा नानांचा होता. नाना म्हणजे माझे वडील. पोस्टाबाहेर टेबल टाकून ते लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून देत. त्यांचा खरा जीव मात्र दोन गोष्टींत होता, पत्रकं आणि फळा. आमच्या घरी देवापेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांवर छापलेली, शाई आणि रॉकेलच्या वासाची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. माझी शाळेतली गणितं पत्रकांच्या पाठीवर झाली, आईच्या फडताळात डब्यांखाली पत्रकं अंथरलेली असत, आणि मला ताप आला की नाना पत्रकाच्या घडीनेच वारा घालत. पाण्यासाठी, शाळेच्या छपरासाठी, हमालांच्या विश्रांतीसाठी, दारूच्या गुत्त्याविरुद्ध. इतर मुली झोपताना गोष्टी ऐकत. मी 'आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे' ऐकत मोठी झाले आणि मला त्यात काही वेगळं वाटत नसे.

पत्रक अधूनमधून निघे, फळा मात्र रोज असे. पहाटे रेडिओवरच्या बातम्या ऐकून नाना कागदावर टिपणं काढत, गावातल्या चार बातम्या त्यात घालत आणि आठच्या आत चौकात जाऊन ते सगळं खडूने लिहीत. कारण आठनंतर शाळेची पोरं, कापसाच्या जिनातल्या बाया, भाजीवाल्या, सगळेच त्या वाटेने जायचे. पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी आम्ही फळा काळा करायचो. जुन्या सेलमधली काळी पूड, कोळसा, पाल्याचा रस, सगळं पाट्यावर वाटायचं आणि चिंधीने फासायचं. दोन दिवस हात कोळशासारखे. आई ताटात वाढताना म्हणायची, "चमच्याने जेव बाई, बातमी पोटात नको जायला."

आणि तो उजवा कोपरा. नानांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण इंग्रजीचा नाद भारी. सुरत लाइनच्या पॅसेंजरने एक दिवस शिळा असा इंग्रजी पेपर स्टेशनवर यायचा. तो नाना शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आणि त्यातला एकेक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहीत. वर 'आजचा शब्द', खाली शब्द मराठी अक्षरांत, त्याखाली अर्थ. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पेपर आपल्याविषयी लिहितो, मग पेपरवाल्यांची भाषा आपल्याला नको का कळायला? म्हणून शब्दही सगळे बातम्यांच्या धंद्यातलेच. हेडलाइन, रिपोर्टर, एडिटर, डेडलाइन, प्रेस नोट, आय-विटनेस, सेन्सॉर.

गावाने ते शब्द उचलले. अगदी हळदीकुंकवापर्यंत नेले. सकाळी चहाच्या गाड्यावर कुणीतरी हमखास ओरडायचं, "नाना, आज काय हेडलाइन शे?" नाना खडू वर करून म्हणायचे, "डेडलाइन आठची आहे, थांबा." दळणाच्या रांगेत बायका एकमेकींच्या कानाशी लागून म्हणत, "ऑफ द रेकॉर्ड सांगू का वं?" आणि मग जे सांगत ते गिरणीच्या आवाजावरून पलीकडच्या गल्लीला ऐकू जाई. कुणाच्या पळून जायची चर्चा निघाली की एखादी म्हातारी हात झटकायची, "रूमर शे व माय, रूमर!" रफिकचाचा तर गिऱ्हाइकाला सांगायचे, "ट्यूब में तीन पंक्चर हैं, ये मेरा एक्स्क्लुझिव्ह है."

चाचांची भिंत आणि नानांचा फळा, असं ते होतं. चाचांनी त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. फक्त खडूची भुकटी दुकानात येते म्हणून कुरकुरायचे, आणि पाऊस आला की स्वतःच ताडपत्री लावायचे.

सगळ्यात मोठा शब्द होता करेक्शन. तो कोपऱ्यात एकदाच आला, पण त्याचा नियम गावभर पाठ झाला. नानांचा नियम असा होता: फळ्यावर चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी लिहायची, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि चूक जितके दिवस राहिली तितके दिवस ती ठेवायची. "पेपरवाले काय करतात," नाना मला समजावत, "चूक पहिल्या पानावर, माफी सातव्या पानावर कोपऱ्यात, मुंगीएवढी. आपण तसं नाही करायचं. ज्याने चूक वाचली त्याला करेक्शन दिसलंच पाहिजे."

एकदा फळ्यावर एका लग्नाची तिथी एक दिवस आधीची लागली. आसपासच्या तीन गावांची पाहुणेमंडळी आदल्या दिवशीच मांडवात हजर. नवरीचा बाप पिवळ्या हळदीच्या हातांनीच आमच्या दारात. नाना ओशाळे झाले, म्हणाले, "आत्ता जाऊन करेक्शन लिहितो." तो म्हणाला, "तुमना करेक्शननी पोट भरस का, नाना? माणसं पंगतले बसेल शेतस!" त्या दिवशी नानांनी आधी करेक्शन लिहिलं, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत. मग आमच्या घरची आणि शेजारपाजारची कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा टोपल्यांत घालून मांडवात नेला आणि स्वतः कमरेला पंचा बांधून वाढलं. मी पाणी वाढत होते. वांगी भाजल्याच्या धुराने डोळे चुरचुरत होते, लोक हसत होते, कुणीतरी म्हणालं, "करेक्शन झकास शे, थोडं मीठ कमी शे." नाना घामाने भिजलेले आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, या माणसाच्या पोटी जन्मले, आणखी काय पाहिजे.

हे सांगायलाच हवं. कारण पुढचं तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला वाटेल, माणूस मुळातच तसा असेल. तसं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

अकरावीत गेले तेव्हा फळ्याचा डावा अर्धा भाग माझा झाला. नाना मला 'रिपोर्टर' म्हणू लागले. "या रिपोर्टर, जेवून घ्या." "रिपोर्टर, अभ्यास झाला का?" मी वही घेऊन गावभर फिरायचे. बोरिंग बिघडलंय, वाचनालयाला कुलूप आहे, बालवाडीच्या बाई आठ दिवस आलेल्या नाहीत. लोक मला पाहून म्हणायचे, "नानानी पोर उनी, तोंड सांभाळा." मला ते फार आवडायचं.

रविवारी माझं आणखी एक काम असायचं. नानांकडे पत्र लिहून घ्यायला येणाऱ्या बायांना त्यांच्यापेक्षा माझ्यापाशी मोकळं बोलता येई, म्हणून बायांची पत्रं मी लिहायचे, आमच्या घराच्या पायरीवर. त्यात केसरअक्का होती. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावची. आमच्या गावात बाहेरगावच्या मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे ती स्वयंपाकीण होती. वसतिगृहातल्या बऱ्याच मुली तिच्याच भागातल्या होत्या, तिच्याच बोलीत तिला हाक मारायच्या. अक्काचा मुलगा सुरतेला होता. त्याला ती पंधरा दिवसांनी एक पत्र धाडायची. ती आली की आधी लसणाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा, मग बांगड्यांचा आवाज, मग ती.

अक्काला वाचता येत नव्हतं, पण तिला फसवणं अशक्य होतं. ती सांगायची, मी लिहायचे, आणि मग ती डोळे मिटून म्हणायची, "वाच परत. मोठ्यानं." मी वाचायचे. एक शब्द सुटला तरी तिचा डोळा उघडायचा. "म्हशीनं सांगं ना मी? ते कथं गयं?" मी म्हशीचं वाक्य घालायचे. पुन्हा डोळे मिटायचे. पत्र संपलं की ती कागदावरून हात फिरवायची, भाकरी थापून झाल्यावर परातीवरून फिरवतात तसा.

एका रविवारी पत्र झालं तरी अक्का उठेना. तिने पदराची गाठ सोडली. आत मूठभर ज्वारीचं पीठ होतं. ते तिने पायरीवर ठेवलं आणि बोटाने पसरलं. पीठ हलत होतं.

"अळ्या शेतस," ती म्हणाली. "चाळं तरी येतस. पंधरा दिवस झायात. पोरी खातस आनि उलट्या करतस. धाकल्या पोरी तर उठत नहीत. वार्डनबाईले सांगं, तर म्हणे चाळीसन टाक."

मी वही उघडली. तिने माझा हात धरला. तिचा तळवा भाजून भाजून जाड झालेला.

"मनं नाव कथंच येवाले नको, पोरी. मना पोटवर पाय येई."

"अक्का, तू माझी सोर्स आहेस," मी म्हणाले. "सोर्सचं नाव कधीच सांगत नाहीत."

"सोर्स म्हंजे ते फळावरलं ना?" ती हसली. "पोरीस्नी वाची दाखाडं व्हतं मले." मग हसू थांबवून म्हणाली, "शपथ?"

मी गळ्याला हात लावला. "शपथ."

त्या संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. नाना कंदिलाची काच पुसत होते. विचारलं, "सोर्स कोण?"

"सांगायलाच हवं?"

"रिपोर्टरने एडिटरला सांगायचंच असतं. दोघांच्या पोटात राहतं ते. तिसऱ्याच्या कानाला कळत नाही. कोपऱ्यातच लिहिलं होतं ना आपण?"

खरंच लिहिलं होतं. मी स्वतः चौकट आखली होती. मी केसरअक्काचं नाव सांगितलं. आज कितीही वेळा त्या संध्याकाळकडे मागे गेले तरी मी तिथे नाव सांगतेच. कारण मला तेच शिकवलं होतं आणि शिकवणाऱ्यावर माझा विश्वास होता.

नाना नुसत्या माझ्या बोलण्यावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वसतिगृहाच्या मागच्या अंगणात जाऊन आले. तीन मुलींशी बोलले, पिठाचं पोतं उघडून बघितलं. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर उभी होती. त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी फळ्याचे दोन्ही अर्धे पुसून काढले आणि पूर्ण रुंदीवर हेडलाइन लिहिली: 'मुलींच्या वसतिगृहात अळ्यांचं पीठ. पंधरा दिवसांपासून मुली आजारी.' खाली बारीक अक्षरांत, 'आमच्या रिपोर्टरकडून.' ते दोन शब्द लिहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा केसरअक्काचा विचार करत नव्हते. मी त्या दोन शब्दांकडे बघत होते. हेही इथे नोंदवून ठेवते.

बातमी तीन दिवस राहिली. माणसं थांबून वाचत होती. ज्यांना वाचता येत नव्हतं ते चाचांना विचारत आणि चाचा पान्हा हातात धरून दर वेळी पूर्ण वाचून दाखवत. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात नवीन पोतं आलं. डॉक्टर येऊन गेला. शाळेत जाणाऱ्या त्या मुली चौकात थांबल्या, फळ्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसलं आणि पळाल्या. तो सगळा दिवस मला खडूच्या वासाचा आठवतो, आणि जिनातून उडून आलेला कापूस माझ्या केसांत अडकलेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात जीप थांबली. पांढऱ्या कपड्यांतले दोघं उतरले. आईने पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे कप काढले. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आत बोलणं हलक्या आवाजात चाललं होतं, कुणी ओरडलं नाही, कुणी टेबलावर हात आपटला नाही. एकदा कुणीतरी हसलंही. चहाचे कप परत आले तेव्हा नानांचा भरलेलाच होता, वर साय धरली होती.

आत काय ठरलं हे मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. गावात नंतर पाच-सहा कारणं फिरली. मी त्यातलं एकही उचललं नाही. रूमर या शब्दाचा अर्थ मला नानांनीच शिकवला होता.

चौथ्या सकाळी मी नेहमीप्रमाणे आठला चौकात पोचले. नाना लवकर येऊन गेले होते. फळ्याच्या पूर्ण रुंदीवर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत, त्यांच्या वळणदार हस्ताक्षरात लिहिलं होतं:

'करेक्शन. वसतिगृहातील पिठाबद्दलची बातमी निराधार आहे. स्वयंपाकीण केसरबाई यांनी दिलेल्या खोट्या माहितीवरून ती लिहिली गेली. दिलगीर आहोत.'

उजवा कोपरा रिकामा होता. फळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिथे शब्द नव्हता.

रफिकचाचा पाण्याच्या तसराळ्यात ट्यूब बुडवून बसले होते. बुडबुडे येत होते, पण ते बघत नव्हते. मला म्हणाले, "बेटी, आज मुझसे मत पढ़वाना किसीको."

त्यांनी नाही वाचून दाखवलं, पण वाचणारे होतेच. केसरअक्काला ते तिच्या वसतिगृहातल्या मुलींनीच वाचून दाखवलं, शाळेतून परत जाताना. ज्यांच्या पोटासाठी ती बोलली त्यांच्याच तोंडून तिने ऐकलं की ती खोटारडी आहे. मला नंतर त्यातल्या एकीने सांगितलं, अक्का म्हणाली, "वाच परत." तिने परत वाचलं. अक्काने डोळे मिटले नव्हते.

करेक्शन तीन दिवस राहिलं. नियम म्हणजे नियम. त्यात बाजाराचा दिवस आला आणि आसपासच्या गावांनी ते वाचलं.

बाजाराच्या दिवशीच दुपारी मला केसरअक्का स्टँडवर दिसली. पत्र्याची ट्रंक, वर वळकटी, शेजारी पितळी तांब्या. साक्रीच्या वाटेची बस लागायची होती. मी जाऊन समोर उभी राहिले. भोवती मिरच्यांचा खकाणा, बाजारकऱ्यांचा गलका, आणि आमच्या दोघींमध्ये काहीच नाही.

"तू लिखं का ते?" तिने विचारलं.

"नाही अक्का. नानांनी."

"पन नाव तं तूच सांगं ना."

मी मान हलवली. तिला एडिटर आणि रिपोर्टरचा नियम सांगावा असं क्षणभर मनात आलं, आणि त्याच क्षणी माझी मला किळस आली.

"मी कधी खोटं बोलस का वं?"

"नाही."

"मंग लिख ना तठे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पत्रात सुटलेलं वाक्य घालायला सांगायची तसंच सांगत होती. "तितलंच मोठं."

बस लागली. ट्रंक वर चढवायला मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला आणि स्वतःच चढवली.

दुसऱ्या सकाळी मी खडू घेऊन फळ्याशी गेले. नाना आधीच तिथे होते. करेक्शन पुसून झालं होतं, ओल्या फडक्याचे पट्टे वाळत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा अर्धा भाग मोकळा ठेवला आणि म्हणाले, "आजचा शब्द काय घ्यायचा, रिपोर्टर?"

मला लिहिता आलं असतं. चार ओळी. ते फार तर पुसले असते, आणि सगळ्या चौकाने त्यांना पुसताना पाहिलं असतं. पण मी खडू चाचांच्या ओट्यावर ठेवला आणि घरी आले. पुन्हा कधी फळ्याला हात लावला नाही, नानांशी कामापुरतंच बोलले, बारावी होताच धुळ्याला कॉलेजात गेले ती गेलेच. किती वर्षं मी त्यालाच बंड समजत होते! धुळ्यात मी पत्रकं लिहिली, सभांत बोलले, खुर्चीवर उभी राहून घोषणा दिल्या. कॉलेजच्या भिंतींवर मी लिहिलेले शब्द पांझरा नदीच्या पुलापर्यंत पोचले. पण तो खडू उचलला नाही म्हणजे मी नानांना शिक्षा दिली, हे मला ज्या दिवशी खोटं वाटलं त्या दिवशी माझं तोंड कडू झालं. शिक्षा अक्कालाच झाली होती, दोनदा.

मी तिला शोधलं. साक्रीच्या बाजाराला तीनदा जाऊन आले. मोहाच्या फुलांचा वास, टोपल्या, कोंबड्या, डोंगरातून उतरलेली माणसं. तिचं गाव सापडलं, घर सापडलं, कुलूप सापडलं. शेजारीण म्हणाली, ती पोराकडे सुरतेला गेली. दुसरी म्हणाली, तिथूनही कुठे तरी गेली. पत्ता कुणाकडेच नव्हता. तिची सगळी पत्रं मी लिहिली होती आणि पत्ताही मीच घालायचे, पण पत्ते टिपलेल्या वहीतली पानं मी रागाच्या भरात केव्हाच जाळली होती.

यंदा घरी गेले तेव्हा नाना ओसरीत बसून भिंगाने पेपर वाचत होते. केस पूर्ण पांढरे. म्हणाले, "या रिपोर्टर." मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"नाना, पिठाची बातमी खोटी होती?"

भिंग पेपरवरच राहिलं. मान वर न करता म्हणाले, "नव्हती. मी पोतं पाहिलं होतं."

"मग?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ती घडी परत उघडली. आतून आईने विचारलं, चहा ठेवू का. नाना म्हणाले, "ठेव."

"मी जाऊन करेक्शन लिहिते," मी म्हणाले.

"फळा कुठे राहिलाय आता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती की दुःख, मला ओळखता आलं नाही. एकेकाळी त्यांच्या आवाजातला स्वल्पविराम मला कळायचा.

तरी मी गेले. किराणा दुकानातून खडूची पेटी घेतली आणि त्या टायवाल्या माणसाच्या छातीवर लिहायला लागले. खडू घसरत होता. नुसता ओरखडा उठायचा आणि फुंकर मारावी तसा उडून जायचा. चाचा दुकानातून उठून शेजारी येऊन उभे राहिले. आता त्यांना कमी दिसतं.

"ऑइल पेंट है बेटी," ते म्हणाले. "खडू नहीं पकड़ता."

"चाचा, भिंत तुमची होती."

"हां," ते म्हणाले, "और फळा तुम्हारा था." मग माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी तो पेटीत ठेवला आणि पेटी मला परत दिली. "किधर और लिख दे."

म्हणून इथे लिहिते आहे. आणि म्हणून पहिला प्रश्न तुम्हाला विचारला.

तुमच्या गावात कुठेतरी एक फळा असेल. शाळेचा, वाचनालयाचा, दूध डेअरीचा, मंडळाचा. सुरतेत असाल, साक्रीत असाल, कुठेही असाल, उद्या सकाळी आठच्या आत एक खडू घ्या आणि त्यावर पुढच्या ओळी लिहा. पूर्ण रुंदीवर, दुरून दिसतील अशा अक्षरांत:

'करेक्शन. धरणगावच्या फळ्यावर केसरअक्काबद्दल लिहिलेलं करेक्शन खोटं होतं. पिठात अळ्या होत्या. केसरअक्का खरं बोलली.'

तीन दिवस पुसू नका. आणि फळ्याजवळून एखादी जाड तळव्यांची, लसणाच्या वासाची म्हातारी जाताना दिसली, तर तिला थांबवा आणि हे वाचून दाखवा. मोठ्याने. ती डोळे मिटून "वाच परत" म्हणाली, तर परत वाचा.